पूरबुडीत शेतीच्या निचऱ्याच्या सरकारी योजना वर्षानुवर्षे का रखडतात?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगा कृष्णेला मिळते त्या पट्ट्यात आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही मोठ्या पुरांत आमचे शिवार पाण्याखाली गेले. परंतु पूर ओसरल्यानंतर शिवारात जे पाणी मागे राहते, त्याबद्दल मला इथे विचारायचे आहे. नदी पात्रात परत जाते, रस्ते मोकळे होतात, पंचनामे उरकतात, तरी गावाच्या पूर्वेकडच्या सखल भागातील पाणी दसरा-दिवाळीपर्यंत हटत नाही. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस एक वेळ तग धरतो, पण बुडखा इतके दिवस पाण्यात राहिला की मुळ्या काळ्या पडतात आणि पुढे खोडव्याला फुटवाच येत नाही. पाणी आटल्यावर त्याच रानात उन्हाळ्यात पांढरे मीठ फुटते. माझ्या वडिलांनी ज्या तुकड्यात गहू आणि शाळू काढला, तिथे आज लव्हाळा आणि पाणकणीस यांच्याशिवाय काही येत नाही.

२००५ च्या पुरानंतर या भागासाठी निचऱ्याची योजना आखण्यात आली. गावाच्या जुन्या ओढ्याच्या वाटेने नदीपर्यंत मुख्य चर, त्याला येऊन मिळणारे उपचर, आणि दुसऱ्या टप्प्यात शेतांमध्ये जमिनीखाली सच्छिद्र नळ्या, असे तिचे स्वरूप होते. सर्वेक्षण झाले, खुणेचे दगड रोवले गेले, शेतकऱ्यांकडून संमतिपत्रे घेतली गेली. त्यानंतर अंदाजपत्रक जुन्या दरांचे झाले म्हणून ते पुन्हा करण्यात आले, मग योजना एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे गेली, मग काही लांबीत चर खोदला गेला आणि काम थांबले. खोदलेली लांबी मधली आहे. तिच्या खालच्या अंगाला, नदीकडे, ओढा पूर्वीसारखाच बुजलेला आहे. वाटेत रस्त्याच्या भरावाखाली जी नळ्यांची मोरी आहे, तिचा तळ ओढ्याच्या मूळ तळापेक्षा हातभर उंच आहे. त्यामुळे खोदलेल्या चरात पाणी वाहत नाही, ते नुसते उभे राहते, आणि ज्यांच्या बांधाला हा चर लागून आहे त्यांची जमीन पूर्वीपेक्षा अधिक पाणथळ झाली आहे.

कार्यालयात चौकशी केली की निधी उपलब्ध नसल्याचे सांगितले जाते. मला जाणून घ्यायचे आहे की अशा योजना नेमक्या कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे अडतात, गावाने काय केले तर त्या पुढे सरकतात, आणि सरकारी चराची वाट न पाहता आम्ही काही शेतकऱ्यांनी स्वखर्चाने शेतात नळ्या टाकून घेणे योग्य ठरेल का. ज्यांना या कामाचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


निवृत्त शाखा अभियंता

आपण केलेल्या वर्णनात अडचणीचे मूळ आले आहे: खोदलेली लांबी मधली आहे. निचऱ्याच्या चराचे काम नदीच्या मुखापासून सुरू करून वर वर करत न्यायचे असते. आधी पाणी जिथे सोडायचे ती जागा मोकळी करायची, तिच्या तळाची पातळी निश्चित करायची, त्या पातळीवरून उतार धरत वरची खोदाई करायची, असा हा क्रम आहे आणि तो प्रत्येक अभियंत्याला ठाऊक असतो. तरीही काम मधून सुरू होते, कारण मुखाकडची लांबी नेहमीच सर्वांत अडचणीची असते. तिथे ओढ्यात कोणाचा तरी ऊस उभा असतो, तिथेच दुसऱ्या खात्याची मोरी असते, नदीकाठाला दगडी अस्तर करावे लागते आणि पूररेषेचे प्रश्न येतात. मधल्या लांबीत मात्र यंत्र आणले की खोदाई सुरू करता येते. ठेकेदाराचे देयक खोदलेल्या घनमीटरवर निघते आणि कार्यालयाला ३१ मार्चपूर्वी खर्च दाखवायचा असतो. खर्च नोंदला जातो, प्रगतीचा टक्का वाढतो, आणि पाणी आहे तिथेच राहते.

दुसरे कारण हंगामाचे आहे, आणि मंत्रालयात बसून ते सहसा लक्षात येत नाही. ऊसपट्ट्यात चर खोदण्यासाठी किंवा नळ्या टाकण्यासाठी रान रिकामे मिळावे लागते. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो, सुरू ऊस वर्षभर असतो, त्यानंतर खोडवा असतो. एका पट्ट्यातील सर्वांची तोड एकाच वेळी होत नाही. काळ्या जमिनीत ओल असेल तर यंत्र रुतते, म्हणून पावसाळा संपल्यावर पुढे दोन-तीन महिने काम करता येत नाही. हातात फार तर फेब्रुवारी ते मे एवढा काळ उरतो, आणि कार्यारंभ आदेश नेमका एप्रिलच्या अखेरीस निघाला तर ते वर्ष गेले असेच समजावे. पुढच्या वर्षी दरसूची बदलते, ठेकेदार जुन्या दराने काम करण्यास तयार होत नाही, सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव, ज्याला आम्ही सुप्रमा म्हणतो, वर पाठवावा लागतो, आणि तो परत येईपर्यंत दरसूची पुन्हा बदललेली असते.

तिसरे कारण जबाबदारीचे आहे. कालव्याच्या लाभक्षेत्रात पाणथळपणा वाढला तर त्याचे उत्तरदायित्व त्या प्रकल्पाकडे जाते, आणि तिथे निचऱ्याची कामे करण्याची जुनी पद्धत आहे. नीरा डाव्या कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीच जमिनी पाणथळ होऊ लागल्या होत्या. खडकवासल्याची जल व विद्युत संशोधन संस्था १९१६ मध्ये ज्या विशेष पाटबंधारे शाखेतून उभी राहिली, तिच्यापुढे दख्खनच्या कालव्यांवरील सिंचनाचे हेच प्रश्न होते. शिरोळमध्ये मात्र बहुतांश सिंचन कालव्यावर नाही. ते नदीवरच्या सहकारी आणि खासगी उपसा योजनांवर आहे. पाणी उचलण्याची परवानगी एका ठिकाणाहून मिळाली, पाइपलाइन संस्थेने टाकली, कर्ज बँकेने दिले, आणि त्या पाण्याच्या निचऱ्याची तरतूद कोणाच्याच आराखड्यात नव्हती. त्यामुळे चर जलसंपदा खात्याकडे, शेतातील नळ्यांचे अनुदान कृषी खात्याकडे, मोरी रस्त्याच्या खात्याकडे आणि ओढ्यावरील अतिक्रमण महसूल खात्याकडे, अशी एकाच पाण्याची चार दप्तरे होतात. चारही दप्तरे एका वेळी हलल्याशिवाय आपला चर वाहणार नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा आहे की संपूर्ण योजनेसाठी निधीची मागणी करण्याऐवजी गावाने फक्त मुखाकडच्या लांबीची आणि मोरीची मागणी लावून धरावी. ती तुलनेने लहान रकमेची असते, आणि तेवढी लांबी मोकळी झाली तर खोदून ठेवलेला चर आपोआप उपयोगात येतो. मोरीच्या प्रश्नासाठी संयुक्त पाहणीची मागणी लेखी करावी. पाहणीच्या दिवशी ओढ्याचा तळ, मोरीचा तळ आणि नदीची उन्हाळी पातळी या तिन्हींची लेव्हल दोन्ही खात्यांच्या अभियंत्यांसमोर घेऊन पंचनाम्यावर सह्या घ्याव्यात. मोरी हातभर उंच असल्याचे तोंडी कितीही सांगितले तरी त्याचा कागद होत नाही, आणि कागद झाल्याशिवाय मोरी बदलण्याचा प्रस्ताव होत नाही.


अलमट्टी

या सर्व चर्चेत मूळ कारण बाजूला पडते आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी (धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची उंची) आज ५१९.६० मीटर आहे आणि कर्नाटकाला ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे. खाली पाणी तुंबत असेल तर तुम्ही वर कितीही चर खोदा, पाणी जाणार कुठे? आधी ती उंची रोखली पाहिजे आणि तिथल्याच हिप्परगी बंधाऱ्याचे दरवाजे वेळेवर उघडले गेले पाहिजेत.


निवृत्त शाखा अभियंता

उंची वाढवण्यास महाराष्ट्राने विरोध केलाच पाहिजे, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. फुगवट्याबद्दल, म्हणजे धरणामुळे पाणी मागे वरपर्यंत तुंबण्याबद्दल, मात्र तज्ज्ञांमध्ये एकवाक्यता नाही. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नव्हते, आणि तो निष्कर्ष मान्य नसलेले अभ्यासकही आपल्याकडे आहेत. तो वाद स्वतंत्र धाग्यात व्हावा.

प्रश्नकर्त्यांचे दुखणे पूर ओसरल्यानंतरचे आहे. ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते, आणि २०१९ मध्ये तर ती ५५ फुटांवर गेली होती. त्या वेळी कोणताही चर काम करत नाही, कारण नदीच चराच्या मुखापेक्षा उंच असते. परंतु सप्टेंबरच्या मध्यापासून नदी खाली गेलेली असते आणि शिवारातील पाणी तसेच असते. त्या दिवसांत जे पाणी अडून राहते, त्याला मोरी आणि बुजलेला ओढा जबाबदार आहेत. चराच्या मुखाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली तर नदी चढताना पुराचे पाणी चरातून मागे शिरण्याचेही कमी होते. अशी झडप अंदाजपत्रकात आहे का, हे प्रश्नकर्त्यांनी अवश्य तपासावे.


मृदा_अभ्यासक

शेतातील नळ्यांविषयी आपण विचारले आहे, त्यावर लिहिते. आधी आपल्या जमिनीला नेमके काय झाले आहे, ते मोजून घ्यावे. केंद्रीय जलसंसाधन मंत्रालयाच्या कार्यगटाने १९९१ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार भूजल पातळी जमिनीपासून दोन मीटरच्या आत आली की क्षेत्र पाणथळ धरले जाते, आणि दोन ते तीन मीटरच्या दरम्यान असेल तर ते पाणथळ होण्याच्या मार्गावर आहे असे समजतात. माती परीक्षणात विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त असते. सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण होते. या दोहोंचे उपचार वेगळे आहेत. क्षारयुक्त जमिनीत निचरा मिळाला की पावसाच्या आणि सिंचनाच्या पाण्याने क्षार धुऊन जातात, पण चोपण जमिनीत आधी जिप्सम द्यावे लागते, कारण तिच्यातून पाणी खाली झिरपतच नाही. आपल्या भागात या दोन्ही प्रकारच्या जमिनी एका शिवारात, कधी एकाच गटाच्या दोन टोकांना सापडतात, म्हणून एकाच ठिकाणची माती काढून अहवाल घेऊ नये.

जमिनीखालच्या नळ्या साधारण एक ते सव्वा मीटर खोलीवर टाकतात. त्या पीव्हीसीच्या, वळ्यांच्या आणि छिद्रे असलेल्या असतात, आणि गाळ आत जाऊ नये म्हणून त्यांच्यावर गाळणीचे कापड चढवलेले असते. या उपनळ्या मोठ्या संकलन नळीला जोडल्या जातात आणि ती नळी चरात किंवा ओढ्यात उघडते. आता असे पाहा: नळी जमिनीखाली सव्वा मीटरवर आहे, तिला नदीकडे उतार द्यायचा आहे, म्हणजे संकलन नळीचे तोंड चरात दीड-दोन मीटर खोलीवर येणार. आपल्या चरात जर पाणी उभे असेल, तर ते तोंड पाण्याखाली राहील. अशा स्थितीत नळीतून पाणी बाहेर पडणार नाही, उलट चरातील पाणी नळीवाटे शेतात येईल. तेव्हा आपल्या शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की चराचे मुख मोकळे होईपर्यंत सखल भागात नळ्या टाकू नयेत.

याला एक पर्याय आहे. संकलन नळी शेताच्या खालच्या कोपऱ्यात सिमेंटच्या विहिरीत सोडायची आणि तिथून पंपाने पाणी उचलून मोकळ्या वाहत्या ओढ्यात टाकायचे. हे करता येते, परंतु विजेचा आणि देखभालीचा खर्च कायमचा मागे लागतो, आणि ते एकट्याच्या जमिनीसाठी परवडत नाही. शिवाय शेजारच्या रानात पूर्वीसारखेच भरमसाट पाटपाणी दिले जात असेल, तर आपण शेजाऱ्याचेही पाणी उपसत बसतो.

त्यासाठीच मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. शिवारातील पाणी केवळ पुराचे नसते. वर्षभर उसाला जे मोकाट पाणी दिले जाते, त्यातून भूजल आधीच वर आलेले असते, आणि पुराचे पाणी मुरायला जमिनीत जागाच उरत नाही. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी ठिबक स्वीकारले तर खालच्यांचे रान निम्मे सुधारते, हे अनेक गावांत दिसले आहे. दुर्दैवाने ज्याचे रान बिघडते तो खालचा असतो आणि ज्याने पाणी कमी करायचे तो वरचा असतो, त्यामुळे हा विषय ग्रामसभेत निघाला की भांडणावरच संपतो.


हुगळीकाठचा मराठी

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे पश्चिम बंगालमध्ये आहे, म्हणून इथल्या एका योजनेची माहिती देतो. पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील घाटाल हा परिसर शिलाबती आणि तिला जोडलेल्या नद्यांच्या पुराने जवळजवळ दरवर्षी बुडतो, आणि भातशेतीतील पाणी आठवडेच्या आठवडे हटत नाही. या भागासाठी १९५९ मध्ये मानसिंह समितीने शिफारशी केल्या. १९८२ मध्ये घाटाल मास्टर प्लॅनचे भूमिपूजन झाले आणि त्यानंतर काम बंद पडले. पुढे नवा आराखडा झाला, आणि २०२२ मध्ये केंद्राकडून सुमारे १,२३९ कोटी रुपयांच्या योजनेला गुंतवणूक मान्यता मिळाली. त्यानंतर केंद्र आणि राज्य यांच्यात पैशांवरून वाद सुरू राहिला, आणि अखेर राज्याने स्वतःच्या निधीतून काम करण्याचे जाहीर करून २०२५ च्या अर्थसंकल्पात ५०० कोटींची तरतूद केली.

हे सांगण्याचे कारण असे की तिथेही नद्यांचा गाळ काढणे, खाली पाणी सोडणाऱ्या कालव्यांचे पुनरुज्जीवन, बांध आणि झडपांचे दरवाजे हे सर्व एका मोठ्या योजनेत एकत्र बांधले गेले. त्यातील एखाद्या वाहिनीचा गाळ काढणे हे त्या त्या वर्षी स्वतंत्रपणे करता येण्यासारखे काम होते, पण मोठी योजना मंजूर होणारच आहे या आशेवर तेही पुढे ढकलले गेले. आपल्याकडे कृष्णा खोऱ्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याचा सुमारे ३,२०० कोटींचा कार्यक्रम आला आहे. गावाची मोरी आणि ओढा त्या कार्यक्रमाच्या भरवशावर सोडू नयेत, असे मला घाटालकडे पाहून वाटते.


पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अभियंता साहेबांनी लिहिलेली ३१ मार्चची गोष्ट आमच्या गावात तंतोतंत घडली आहे. खोदाई मार्च महिन्यातच झाली होती. ताईंनी नळ्यांच्या तोंडाबद्दल जे लिहिले, ते वाचून आमच्यापैकी दोघांनी या उन्हाळ्यात काम करण्याचा विचार थांबवला आहे.

आता एक अडचण विचारतो. मुखाकडच्या लांबीत ओढा बुजलेला आहे असे मी लिहिले, पण तो आपोआप बुजलेला नाही. दोन-तीन जणांनी तो माती टाकून रानात घेतला आहे आणि तिथे ऊस लावला आहे. ते भावकीतले आहेत. सातबाऱ्यावर ओढ्याची नोंद दिसत नाही, पण गाव नकाशात ओढा स्पष्ट आहे. तक्रार कोणाकडे करायची, आणि सर्व प्रकरण न्यायालयात अडकून योजनाच कायमची थांबेल अशी भीती वाटते, त्यावर काही मार्ग आहे का?


वकील_इचलकरंजी

ओढा गाव नकाशात आहे आणि त्याला स्वतंत्र गट क्रमांक नाही, तर सातबाऱ्यावर त्याची नोंद न दिसणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून तो खासगी ठरत नाही. प्रथम भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित नक्कल आणि लगतच्या गटांची मोजणीची कागदपत्रे घ्यावीत, आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाने ओढ्याची हद्द कायम करण्यासाठी मोजणीचा अर्ज करावा. ठराव ग्रामपंचायतीचा असला की तो एका भावाचा दुसऱ्या भावावरचा दावा राहत नाही.

पाण्याची नैसर्गिक वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदारांकडे दावा करता येतो. शेतरस्ता अडवल्याच्या तक्रारींसाठी हे कलम सर्वांना माहीत आहे, पण शेतजमिनीवरून नैसर्गिकरीत्या वाहणाऱ्या पाण्याला केलेल्या अडथळ्यालाही ते लागू होते. दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्यात. दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो, म्हणून जुन्या भरावाबद्दल हा मार्ग अडचणीचा ठरू शकतो आणि नव्याने टाकलेल्या मातीबद्दल तो उपयोगी पडतो. दुसरे म्हणजे कायदेशीर अधिकाराने उभारलेल्या बांधकामाविरुद्ध, उदाहरणार्थ आपल्या रस्त्याच्या भरावाविरुद्ध, या कलमाचा आधार घेता येणार नाही. जुन्या अतिक्रमणासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तहसीलदारांकडे अर्ज करावा, कारण नद्या, नाले आणि त्यांचे तळ हे कोणाच्या मालकीचे सिद्ध होत नसतील तर शासनाचे असतात.

कार्यालयातील दिरंगाईबद्दल मी थोडे अधिक लिहिते, कारण तिथे लोक फार लवकर हात टेकतात. आपण ज्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतो, तो बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे. त्याच्या कलम १० नुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे विचारणा करण्याची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत आणि तशी गरज असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, अशी त्यात तरतूद आहे. हेतुपुरस्सर विलंब झाल्याचे दिसले तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. व्यवहारात अशी कारवाई क्वचितच होते, हे खरे आहे. तरीही फाइल कोणाच्या मेजावर किती दिवस होती, हा प्रश्न लेखी विचारला गेला की ती तिथून हलते, असा माझा अनुभव आहे.

तो प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावा. मात्र योजना का रखडली असे विचारू नये, कारण त्यावर निधीअभावी एवढेच उत्तर येईल. प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रत, मंजूर अंदाजपत्रक, मुख्य चराचा लांबीनिहाय उभा छेद, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, आणि टिप्पणी पानांची प्रत मागावी. शक्य असेल तर प्रत मागण्याआधी अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी करण्याची मागणी करावी, तो अधिकार कायद्याने दिलेला आहे. उभ्या छेदाचा कागद हाती आला की मोरीचा तळ मूळ आराखड्यात कोणत्या पातळीवर धरला होता, ते तुम्हाला कळेल, आणि मोरी बदलण्याची रक्कम मंजूर अंदाजपत्रकात आधीपासून होती का, हेही कळेल. ती रक्कम त्यात असेल तर नव्या निधीचा प्रश्नच उरत नाही.

भावकीबद्दल एवढेच म्हणेन की मोजणी होऊन हद्दीचे दगड लागल्यावर बहुतेक जण उभे पीक निघेपर्यंत मुदत मागतात. ती मुदत लेखी द्यावी आणि तिच्यात शेवटची तारीख असावी.


शिरोळचा शेतकरी

माझ्या गटाच्या शेतात नळ्या टाकून झाल्या आहेत, म्हणून दोन शब्द. आमच्या तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने हजारो एकर क्षारपड जमिनीवर हे काम झाले आहे. त्यात शासनाच्या अनुदानाची वाट न पाहता शेतकऱ्यांनी गावोगावी सहकारी संस्था केल्या, बँकांकडून कर्ज घेतले आणि परतफेड उसाच्या बिलातून केली. खर्च एकराला लाखाच्या घरात जातो, तेव्हा तो लहान शेतकऱ्याला जड आहे, हे मान्यच आहे. तरी पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिलेला मी स्वतः पाहिला आहे आणि कापला आहे.

आमच्याकडे काम पुढे गेले, कारण संस्थेत पट्ट्यातील सर्वांना घेतल्याशिवाय सुरुवातच करायची नाही असे ठरले होते. ज्यांचे रान चांगले होते त्यांनाही आधी समजावले, कारण मुख्य नळी त्यांच्या रानातून न्यायची होती. तोडीचे नियोजनही एकत्र केले आणि एका पट्ट्याची तोड एका पंधरवड्यात व्हावी म्हणून कारखान्याच्या शेतकी विभागाशी आधीच बोललो. सरकारी योजनेत नेमके हे करायला कोणी नसते. अधिकाऱ्याला संमतिपत्र मिळते, पण रान रिकामे मिळत नाही, आणि ठेकेदार यंत्र परत घेऊन जातो.

दादा, आपण मोजणीचा अर्ज कराल तेव्हाच पट्ट्यातील सर्वांची यादी, गट क्रमांक, क्षेत्र आणि सध्याच्या पिकाची तोड केव्हा होणार याचा तक्ता तयार करून ठेवा. अभियंता साहेब म्हणतात तशी संयुक्त पाहणी झाली, तर त्याच दिवशी तो तक्ता त्यांच्या हाती द्या. चराची देखभाल संस्था करील असेही त्यात लिहून द्यायला हरकत नाही. चर खोदल्यावर दोन पावसाळ्यांत त्यात पाणकणीस आणि बेशरम माजते, आणि सरकारी चरात गाळ काढायला पुन्हा अंदाजपत्रक लागते. ते काम आम्ही दरवर्षी मे महिन्यात एकराप्रमाणे वर्गणी काढून करतो.


मृदा_अभ्यासक

शेतकरी दादांनी लिहिलेल्या तक्त्यात एक रकाना माझ्याकडून वाढवावा: प्रत्येक गटातील माती परीक्षणाचा सामू आणि विद्युत वाहकता. माती काढताना एक नमुना वरच्या थराचा आणि एक दोन फुटांखालचा घ्यावा, आणि तो उन्हाळ्यात घ्यावा, कारण पावसाळ्यानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात क्षार खाली गेलेले असतात आणि अहवाल फसवा येतो. चोपण निघालेल्या गटांसाठी जिप्सम आताच विकत घेऊ नये. निचऱ्याची वाट नसताना टाकलेल्या जिप्समने सुटलेला सोडियम त्याच रानात राहतो, तेव्हा तो खर्च चर वाहू लागल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवावा. तोपर्यंत त्या तुकड्यांत ऊस लावू नये, पाणी उतरल्यावर ओल पाहून धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरावे आणि फुलोऱ्याच्या आधी गाडावे.